मांजरांना विचारायचं राहिलं

लिलावाच्या चिठ्ठीमागं मी तीन रकाने पाडले:
शंभर, एकशे दहा, सव्वाशे.
दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट लागेपर्यंत
एवढाच वेळ असतो हिशेबाला.

सव्वाशेचा सेल्समन चिपळूणचा, बूट चकचकीत.
म्हणाला, पिकअप बघा काका, शून्यावरून साठ.
मी म्हटलं, शून्यावरून साठ गाठायला
मध्ये रस्ता लागतो बाबा.
आमच्याकडं दर चौथ्या घराला गाडी उभी करायची असते.
मला किलोमीटर नको, गावं सांग.
एका लिटरात किती गावं?
आणि मागं दोन क्रेट, बर्फासकट सत्तर किलो,
पालशेतची चढण, दुसरा गिअर,
मग किती?
तो कॅल्क्युलेटर शोधायला आत गेला.

एकशे दहा मेव्हण्याची. दोन दिवस उसनी घेऊन फिरवली.
सीट गादीसारखी, बायको खूश,
पण मेन स्टँड नाही.
जांभ्याच्या उतारावर साइड स्टँड म्हणजे
भरलं ताट एका बोटावर धरणं.

शृंगारतळीचा मुनाफ मिस्त्री
तिन्ही नावं ऐकून हात पुसत राहिला.
म्हणाला, कुठलीही घे,
बर्फाचं पाणी चेनवर ठिबकणार,
खारं वारं रिम खाणार.
समुद्राला मॉडेल कळत नाही.
आधी कार्ब्युरेटर होता,
तो मी फुंकर मारून बरा करायचो.
आता सेन्सर. तो रुसला
की तू चिपळूणला, मासळी सड्यावर.
शंभरच घे. किक आहे ना, तेवढं बघ.
भरवशाला पाय बरा.

शंभर घेतली.
छत्तीस हप्ते, पहिला नारळी पौर्णिमेनंतर.
जुनी एकोणीस वर्षांची,
शोरूमवाल्यानं भंगाराच्या भावानं धरली
आणि ढकलत मागच्या बाजूला नेली.
नेण्याआधी मी तिच्या टाकीवरचा वाळका खवला
नखानं काढला.
कशाला, माहीत नाही.

पहिल्या सकाळी वेलदूर, अंजनवेल, रानवी.
शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं
तसं इंजिन.
कुणी बाहेर आलं नाही.
आसगोलीत तेरा मांजरं माझ्या ओळखीची.
त्यातला कानतुट्या बोका पायरीवर झोपलेला,
मी त्याच्या शेपटीजवळून गेलो,
त्यानं डोळासुद्धा उघडला नाही.

रकान्यांत मायलेज होतं, वजन होतं,
हप्ता, स्टँड, टायर, किक.
आवाज नव्हता.

द्वारकाकाकी परतताना भेटली, पातेलं रिकामं.
"मेल्या, गेलास कधी?
तुझी ती वरच्या वळणाला खोकायची,
तेव्हा मी चुलीवरचा भात उतरवायचे
नि तू दारात येईस्तोवर पातेलं हातात.
आज माझा भातपण लागला."
क्रेटमध्ये बर्फाचं पाणी,
पाण्यात बांगडे, मोजून तेवढेच.

मुनाफ म्हणाला, सायलेन्सरला भोक पाडू?
पण पावती फाडतील तुझी, माझी नाही.
भोंगा लावावा तर पाववाल्याचा आहे,
तो वीस वर्षांचा दोस्त,
त्याच्या बोटांतला आवाज कसा चोरायचा?

बाप कावड घेऊन हीच घरं करायचा.
त्याचा गळा समुद्राच्या वर ऐकू यायचा म्हणतात.
मला कधी ओरडावं लागलं नाही.
गाडीच ओरडायची.

दुसऱ्या दिवशी आसगोलीच्या तोंडाशी इंजिन बंद केलं,
उतारावर नुसती घरंगळू दिली.
पेट्रोलही वाचतं, असं मनाला सांगितलं.
मग तोंड उघडलं.
"बांगडेऽऽ"
फाटला आवाज, निम्मा घशातच अडकला.
एका पोरानं खिडकीतून बघितलं नि हसलं.
पुन्हा.

बोक्यानं एक डोळा उघडला.
गाडीकडं बघितलं, ती पटली नाही.
माझ्याकडं बघितलं.
आणि पाठ ताणत, जांभई देत,
सावकाश उठला.